घट बसण्यापूर्वी भिंतीची विचारपूस

भाद्रपदाचा कृष्णपक्ष सरत आला, पितरांची पाने वाढून झाली, की मराठवाड्यातील घराघरांतून ‘दसरा काढण्याची’ लगबग सुरू होते. अंथरुणे-पांघरुणे धुण्यासाठी बाहेर निघतात, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळून निघतात, कोनाड्यांतील वर्षभराची जळमटे उतरतात. आणि सरतेशेवटी घरातील कर्त्या बाईची दृष्टी भिंतींकडे वळते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला ज्या भिंतीलगत घट बसावयाचे, नऊ दिवस जिच्या साक्षीने नंदादीप तेवावयाचा, ती भिंत पोपडे आलेली, पावसाने डागाळलेली कशी चालेल? हिंगोली शहराचा दसरा तर दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला. त्या दसऱ्यासाठी दूरदूरचे पाहुणे येणार, लेकीबाळी माहेरी येणार, म्हणून घर लख्ख करण्याची हौस या भागात काकणभर अधिकच!

ही हौस योग्यच आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी सणापूर्वी भिंती सारवण्याचा जो आचार घालून दिला, त्यात केवळ शोभेचा हेतू नव्हता, घराची वार्षिक तपासणीही होती, हे आपण हळूहळू विसरत चाललो आहोत. चुन्याचा हात फिरविण्यापूर्वी भिंतीवरून मायेचा हात फिरवावा, तिला काय दुखते-खुपते ते विचारावे आणि मगच तिला नवे वस्त्र नेसवावे, असा तो क्रम होता. आज क्रमातील पहिली पायरी गळून गेली आणि उरले ते केवळ वस्त्र!

काळी आणि पांढरी

आपल्या गावरहाटीत भूमीचे दोन भाग मानले आहेत. पिकते ती ‘काळी’ आणि माणसे राहतात ती ‘पांढरी’. गावाचे हे दोन शब्द केवळ रंग सांगत नाहीत. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती ही ज्वारी, कापूस, हळद यांची माउली खरी. पण तिचा स्वभाव चंचल. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते की तीत हात जावा. अशा मातीची भिंत उभी केली तर ती वर्षभरही धड राहावयाची नाही. म्हणून भिंतीसाठी आणि सारवणासाठी पांढरी मातीच हवी, हे आपल्या आज्या-पणज्या जाणून होत्या. गावाच्या जुन्या टेकाडाची किंवा पडक्या गढीची पांढरी माती टोपल्यांनी आणावयाची, खडे वेचून ती भिजवावयाची आणि फडक्याच्या पोतेऱ्याने भिंतीवर एकसारखी फिरवावयाची, हे काम या दिवसांत ठरलेले असे.

मात्र पांढरीवर बांधलेले घरही पुष्कळदा काळीच्या थरावरच उभे असते, हे ध्यानात घ्यावयास हवे. पायाखालची माती दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. तिच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर घरही सूक्ष्म हालते, आणि त्या हालण्याची नोंद भिंतीवर भेगेच्या रूपाने उमटते. भेग म्हणजे भिंतीने लिहिलेले पत्र होय. ते न वाचताच त्यावर चुना फासणे म्हणजे आलेले पत्र न उघडता चुलीत घालण्यासारखे नव्हे काय?

आजीच्या तळहाताची परीक्षा

आमच्या लहानपणी दसऱ्याचे सारवण काढण्यापूर्वी आजी साऱ्या घरभर एकदा नुसतीच फिरत असे. हातात पोतेरे नाही, माती नाही. डावा तळहात भिंतीवर टेकवून ती सावकाश पुढे सरके आणि मधूनमधून बोटांच्या पेरांनी टकटक करी. भरीव आवाज आला की पुढे जाई. पोकळ आवाज आला की तिथे कोळशाने फुली काढी. कोपऱ्याशी आली की समई उचलून ती भिंतीला अगदी लगटून तिरपी धरी. समोरून न दिसणारा फुगवटा अशा आडव्या उजेडात सावली टाकून उघडा पडतो. त्या काळी आम्हा मुलांना हा एक खेळच वाटे. हा खेळ नव्हता, परीक्षा होती, हे कळावयास आम्हांला फार वर्षे लागली.

ते कळले त्याची कथा सांगणे प्राप्त आहे, कारण त्यात दोष सर्वस्वी आमचाच. आजीमागे घराची रीत बदलली. पांढऱ्या मातीच्या जागी गुळगुळीत लांबी आली, चुन्याच्या जागी चकचकीत रंग आला. देवघराच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात तिथे, एक उभी चीर होती. दर दिवाळीला आम्ही तीत लांबी भरून घेत असू आणि वरून रंग देत असू. भिंत आरशासारखी दिसे आणि आम्ही समाधानाने तीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत असू. पुढे २१ मार्च २०२४ ची सकाळ उजाडली.

भिंत बोलली

त्या दिवशी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. नांदेड-परभणीपर्यंत घरे हादरली. त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याच्या परिसरात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर भूगर्भातून येणारे गूढ आवाज अनेक वर्षांपासून परिचयाचे आहेत. ईश्वरकृपेने हे धक्के मध्यम स्वरूपाचे होते.

मार्चच्या त्या धक्क्यात आमच्या देवघराच्या कोपऱ्यातील लांबीचा एक लांबट तुकडा गळून देव्हाऱ्यासमोर पडला. आतली फट पाहिली, तर तीत बोट सहज शिरत होते. तिच्या कडांवर जुन्या रंगांचे थर वाळून बसलेले होते, आत कोळ्याचे जुने जाळेही होते. त्या सकाळी पडलेली चीर कोरी, धारदार कडांची असती. ही चीर जुनी होती. दोन भिंती एकमेकींचा हात सोडीत होत्या आणि आम्ही दरसाल त्या सुटत्या हातावर रंगाचा रुमाल झाकीत होतो. पुढे जाणकार अभियंत्याला बोलावून तो कोपरा बांधून घेतला. पण धक्का अधिक मोठा असता तर काय झाले असते, हा विचार आजही मन अस्वस्थ करतो.

मराठवाड्याला हा विचार नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट कोण विसरेल? गणेशविसर्जन आटोपून थकलेली माणसे गाढ झोपेत असताना, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो जीव स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली गेले. तेथील भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद होत्या. पण त्या दगडांच्या दोन वेगळ्या पडद्यांच्या होत्या. मध्ये माती-कपचीची भर होती आणि दोन्ही पडद्यांना आरपार जोडणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नव्हतेच. वर माळवद. ते गळू नये म्हणून दरसाल मातीचा नवा थर टाकावा, पण जुना काढू नये; त्यामुळे छताचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले. धक्क्यासरशी पडदे सुटले आणि ओझे खाली आले. रुंदी म्हणजे बळकटी नव्हे, आणि गुळगुळीतपणा म्हणजे आरोग्य नव्हे, हा धडा त्या पहाटेने फार मोठी किंमत घेऊन शिकविला.

पत्र वाचावे कसे?

प्रत्येक भेगेने घाबरून जाण्याचे कारण नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या बारीक रेषा बहुधा वरवरच्या असतात. गिलावा वाळताना आक्रसतो, त्याच्या त्या खुणा. परंतु दाराच्या अथवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, दोन भिंतींच्या सांध्यातील उभी भेग, छताखाली आडवी धावणारी भेग, भिंतीच्या दोन्ही अंगांस एकाच जागी दिसणारी भेग आणि भिंतीला आलेले पोट, या पाच गोष्टी दिसल्या तर रंगाचा डबा बाजूस ठेवावा. फट पाच मिलिमीटरहून अधिक रुंद असेल, तर विलंब न लावता अभियंत्याला दाखवावी.

भेग स्थिर आहे की वाढती, हे घरच्या घरीही पाहता येते. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर आडवी अशी काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवावी. महिन्या-दोन महिन्यांत रेघेपुढे भेग गेली किंवा पट्टी तडकली, तर भिंत अजून हालते आहे असे समजावे. दसऱ्याला लिहिलेली तारीख संक्रांतीला आणि गुढीपाडव्याला पुन्हा पाहिली, तर मातीच्या फुगण्या-बसण्याचे चक्रही उमगते.

ओलीचेही असेच वाचन करावे. डाग छताकडून खाली आला असेल तर दोष माळवदात, पत्र्यात किंवा गच्चीत आहे. जमिनीकडून वर चढला असेल तर जोत्याशी पाणी मुरते आहे. अशा भिंतीला लोणा लागतो, पांढरा खार फुटून गिलावा पिठासारखा झडतो. त्यावर कितीही रंग चढविला तरी टिकावयाचा नाही. प्रथम पागोळ्यांचे आणि मोरीचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी उतरती नाली काढावी. आजार पायाशी असता कपाळाला लेप लावून काय उपयोग?

आणि भिंती पाहता पाहता एकदा मान वर करून छतही पाहावे. माळवदावर अनेक वर्षांची माती साठली असेल, तर जाणत्याच्या देखरेखीखाली जुने थर उतरवून भार हलका करावा. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठाले दगड ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने असे दगड काढून घेण्याचे आवाहन केले होते, ते कायमचे स्मरणात ठेवावे. पत्रे बांधावेत, दाबू नयेत.

जिची भिंत, तिचेच औषध

डागडुजीचा पहिला नियम असा, की मातीच्या भिंतीला मातीचेच आणि चुन्याच्या भिंतीला चुन्याचेच औषध द्यावे. मातीची भिंत ओल घेते आणि पुन्हा हवेत सोडून देते. ती श्वास घेते म्हणा ना! तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढविला म्हणजे आतली ओल आतच कोंडते. वरून भिंत टणक दिसते, आतून माती मऊ पडत जाते, आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून येतो.

मातीच्या भिंतीतील वरवरची भेग बुजविताना ती आधी किंचित रुंद करावी, सुटी माती झाडून काढावी आणि आत पाण्याचा शिडकावा करावा. पांढऱ्या मातीत गव्हाचा बारीक भुसा आणि थोडे शेण मिसळून ते मिश्रण काही दिवस भिजत ठेवावे. भुशाचे तंतू मातीला आक्रसताना धरून ठेवतात, म्हणून पुन्हा भेग पडत नाही. एकदम जाड थर न देता दोन पातळ थर द्यावेत. पहिला सुकला की दुसरा. सांधा सुटलेल्या कोपऱ्याला मात्र हे घरगुती औषध पुरत नाही. तेथे दोन्ही अंगांनी लोखंडी जाळी बसवून भिंती एकमेकींत गुंतवाव्या लागतात, आणि ते काम जाणत्यानेच करावे.

त्यानंतर चुना. चांगला कळीचा चुना आणावा. एका किलोला सुमारे पाच लिटर पाणी हे प्रमाण धरावे. मातीच्या किंवा लोखंडी भांड्यात आधी पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडावेत. हा चुना पाण्यात पडताच खदखदून तापतो, शिंतोडे उडतात. म्हणून मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांना चष्मा लावावा, प्लास्टिकची बादली वापरू नये. डोळ्यांत थेंब गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पाव तास धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. चुना चोवीस तास मुरू द्यावा, जाड्याभरड्या फडक्यातून गाळावा, दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळावा आणि चिमूटभर नीळ घालावी. कुंचल्याचा एक हात उभा, तर दुसरा आडवा फिरवावा. ओला असताना चुना फिकट दिसतो. वाळता वाळता हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगडाच्या जातीचा होतो आणि शुभ्रपणे उमलतो. त्याच्या दाहक गुणामुळे बुरशी आणि किडे भिंतीजवळ फिरकत नाहीत. आपले पूर्वज चुन्याला शुद्धिकारक मानीत, त्यात तथ्य होते ते हे.

ज्यांच्या घरी तेलरंग किंवा प्लास्टिकचा रंग द्यावयाचा आहे, त्यांनी घाई करू नये. पितृपक्षात भिंती पावसाळ्याची ओल धरूनच असतात. अशा भिंतीवर दिलेला रंग फोड येऊन सुटतो. नवरात्रापूर्वी तपासणी, डागडुजी आणि चुना उरकावा; रंगाचे काम दसऱ्यानंतर, कोरडे ऊन पडल्यावर, दिवाळीपूर्वी करावे. आणखी एक सावधगिरी घ्यावी. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचे पोपडे कोरडे खरवडू नयेत, पाणी मारून ओले खरवडावेत, आणि लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

प्रीतीची मजुरी

हे सारे वाचून एखादी गृहिणी म्हणेल, सणासुदीच्या गर्दीत एवढे सोपस्कार कोणी करावेत? तिला कयाधूकाठच्या नरसी गावाचे स्मरण द्यावेसे वाटते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हे गाव वंदनीय मानले जाते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदाचा प्रसंग अगदी घरगुती आहे. नामदेवांचे खोपट नव्याने शाकारलेले पाहून शेजारीण विचारते, हे इतके सुरेख कोणाकडून करविलेस? त्या कारागिराला मी तुझ्याहून दुप्पट मजुरी देईन. नामदेव उत्तर देतात त्याचा आशय असा, की हा कारागीर पैशाने येत नाही. तो मजुरी मागतो ती प्रीतीची. भक्ताचे घर शाकारणारा तो कारागीर कोण, हे वेगळे सांगावयास नको.

भगवंताने ज्या कामाला हात लावण्यात कमीपणा मानला नाही, ते घराच्या डागडुजीचे काम आपण हलके कसे मानावे? आपल्या धर्मपरंपरेत जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे सांगितले आहे. औंढ्याचे नागनाथाचे मंदिर पाहा. खालचा शिल्पांनी नटलेला भाग प्राचीन, तर वरचा भाग उत्तरकाळी पुन्हा उभारलेला, हे पाहताक्षणी ध्यानात येते. कोणीतरी जे मोडले ते ओळखले, मोडले असे मान्य केले आणि मग ते सावरले, म्हणूनच आज आपण तेथे माथा टेकवू शकतो. जीर्णोद्धाराची पहिली पायरी ‘जीर्ण झाले आहे’ असे प्रांजळपणे पाहणे ही होय. घरालाही हाच न्याय लागू आहे.

अमावास्या संपून प्रतिपदेची पहाट होईल. शेतातील काळी माती टोपलीतून घरात येईल, पत्रावळीवर पसरली जाईल, तीत धान्य पेरले जाईल आणि मधोमध घट विराजमान होईल. वर्षभर शेतात राहणारी काळी नऊ दिवस पांढरीच्या घरी पाहुणी म्हणून येते, शुभ्र भिंतीलगत बसते आणि हिरवे अंकुर मिरवते, याहून सुंदर भेट कोणती? त्या अंकुरांमागची भिंत वरवर पांढरी असून भागणार नाही. ती आतून निरोगी असावयास हवी, कारण तिच्या आधारानेच आपली लेकरे निश्चिंत निजणार आहेत.

म्हणून यंदा कुंचला उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. समई पेटवावी, तिचा उजेड भिंतीवर आडवा धरावा, तळहात टेकवावा आणि हलकेच विचारावे, बाई, तुला काही दुखत तर नाही ना? भिंत उत्तर दिल्यावाचून राहत नाही. जगदंबा आपणा सर्वांच्या घरांचे आणि घरातील माणसांचे रक्षण करो, हीच या पुण्यपर्वानिमित्त तिच्या चरणी प्रार्थना!